पाणी पिऊन दिलेली सही

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणारी बाई कुरडया आणते, शेवया आणते, झालंच तर मळ्यातल्या कैऱ्या आणते. विठाबाईनं यंदा पाण्याचा कॅन आणला. पाच लिटरचा, पांढरा, गोडेतेलाचा धुऊन घेतलेला. आतलं पाणी इतकं पिवळसर होतं की सुमेधाला आधी वाटलं, तेल नीट धुतलं गेलेलं नाही.

"तेल नाय बाई," विठाबाई उंबऱ्यातच म्हणाली. "माझी हीर हाय ती. दादाला दाखवायला आणलीय."

तेवढ्यात वेणीमाधव बाहेर आला. त्यानं वाकून आत्याला नमस्कार केला, तिच्या हातातला कॅन अगदी अदबीनं काढून घेतला आणि न्हाणीत बंबामागे नेऊन ठेवला. "नंतर बघू, आत्या. आज सण आहे."

वडनेऱ्यांच्या घरात 'नंतर बघू'चा अर्थ एव्हाना पोराबाळांनाही कळत होता. माडीवरची गळती नंतर बघायची होती, धाकट्या काकांच्या वाटणीचा कागद नंतर बघायचा होता, आणि सातपूरच्या कारखान्याच्या शेडमागची सांडपाण्याची टाकी तर गेली चार वर्षं नंतर बघायची होती. विठाबाई मात्र सासरी नांदलेली. ती भोळेपणानं हो म्हणाली आणि पितरांच्या घागरीला दोरा गुंडाळायला बसली.

सुमेधा आत आली आणि पुरणाचे हात धुवायच्या निमित्तानं न्हाणीत गेली. औषधाच्या रिकाम्या कुपीत तिनं कॅनमधलं पाणी भरून घेतलं आणि कुपी कमरेला खोचली. वेणीमाधवची बायको म्हणून ती ह्या घरात आली तेव्हा तिची बी.एस्सी. पाहुण्यांना सांगण्यापुरतीच होती. शेड उभी राहिल्यावर ती कामी आली. मुलामा देण्याच्या हौदातली औषधं बरोबर आहेत की नाहीत, ते तपासायचं काम तिच्याकडेच होतं. त्या हौदांतलं पाणी शेडमधून कुठे जातं, हे तिला नवऱ्याइतकंच माहीत होतं. आपण कधी त्याबद्दल तोंड उघडलं नाही, हेही माहीत होतं.

घागर भरून झाली. तिच्यावर खरबूज ठेवून झालं. घास टाकून झाले आणि कावळाही लगेच शिवला. आता पानं मांडायची, तर वेणीमाधव म्हणाला, "अण्णा, जेवणाआधी एक सही हवीय. कागद उद्या सकाळी मुंबईला एजंटाच्या हातात पडला पाहिजे. नाहीतर माल बंदरातच राहील."

पुंजाशेट झोपाळ्यावर बसले होते. चौऱ्याहत्तरीचे, कानानं थोडे कमी, बाकी खणखणीत. शेडचा प्लॉट त्यांच्याच नावावर होता, म्हणून हाम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना मालकाची सही म्हणजे त्यांचीच सही लागे. आजवर त्यांनी ती कधी अडवली नव्हती. फक्त एक अट असे. तांबट आळीत त्यांच्या आज्यापासून चालत आलेली रीत होती, की घरातला थोरला नव्या भांड्यातून घोटभर पाणी पिणार आणि मगच भांड्याच्या बुडाला घरचा ठसा बसणार. हंडे, कळश्या, बंब गेले आणि जर्मनीला जाणाऱ्या पितळी फुलदाण्या आल्या, तरी अण्णांनी ती सोडली नाही. दर खेपेतली एक फुलदाणी घरी येई आणि अण्णा तिच्या निमुळत्या तोंडातून कसंबसं पाणी पीत. कामगार पाठीमागे हसत. अण्णांना त्याचं काही वाटत नसे.

"कसला कागद?" त्यांनी विचारलं.

वेणीमाधवनं पाकिटातून हिरव्या पानाचं चित्र असलेला फॉर्म काढला आणि मराठीत समजावून सांगू लागला. "आम्ही स्वखुशीनं लिहून देतो, की हा माल तयार करताना आमच्या कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ केलेलं असतं आणि त्यानं नदीला, जमिनीला, माणसांना, जनावरांना अपाय होत नाही."

"सरकारनं मागितलंय?"

"नाही. इकडच्या नाही, तिकडच्याही नाही. असा कागद मागायचा कायदाच नाही. तिकडे मागे नदीत औषध सांडून मासे मेले, तेव्हापासून गिऱ्हाईकं दुकानात विचारतात. म्हणून कंपनीनं आपल्या मनानं ठरवलं, जो हे लिहून देईल त्याच्या मालावर हिरवं पान लावायचं. पान असलेला मालच ते घेणार."

"आणि बघायला कोण येणार?"

"कुणी नाही. विश्वासावर आहे."

"आपल्या सहीच्या?"

"हो."

"मग माणसं बरी दिसतात," अण्णा म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. ते बघून सुमेधानं कमरेची कुपी आणखी आत खोचली.

खांबाला टेकून दिगंबर बसला होता. अण्णांचा धाकटा मुलगा, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. थोरल्या भावाच्या धंद्यात तो कधी पडला नव्हता, म्हणून त्याला खरं बोलायची चैन परवडत असे. "भाऊ, टाकीचं काय लिहिलंय त्यात?"

"काय लिहायचं?"

"तीत काय भरलंय ते. मी दिवाळीत आलो तेव्हा गळ्यापर्यंत भुसा होता. फुलदाण्या बांधायचा."

"टाकी आहे ना? बांधलीय ना?"

"बांधलीय. पण पाणी बाजूनं जातंय. आत्याच्या मळ्याकडे."

आता विठाबाईनं तोंड उघडलं. नवऱ्यानं हातोडी सोडून नाल्याकाठी मळा धरला, तेव्हापासून ती शेतकरीणच झाली होती. "दादा, मी भांडाया नाय आले. पर हीर पिवळी पडली रे. फाल्गुनात दोन गाया मरून पडल्या. माझ्या हाताला बघ." तिनं तळवे पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटून खपल्या धरल्या होत्या. "माझ्या पोरानं, कारभारीनं, फळ्या टाकून हीर बंद केलीय. सुना मैलभरावरनं पाणी आणत्यात. लोक म्हणतात, तुझ्या माहेरचंच पाणी हाय ते. मी कुणाचं ऐकलं नाय. कारभारी म्हणतो, मामा सांगंल तसं करू. मामानं उघड म्हटलं तर उघडू."

अण्णा बहिणीच्या हातांकडे बघत राहिले. ती विहीर खणली तेव्हा पहिला तांब्या त्यांनीच वर काढला होता, आणि पिऊन 'गोड आहे' म्हणाले होते.

वेणीमाधवला कळलं की आता बोलायलाच हवं. तो वाईट माणूस नव्हता. माझं कुठे चुकतंय ते तरी सांगा, असाच त्याचा सूर होता. "ह्याच पाकिटात दुसरा कागद आलाय, तोही ऐका. भाव कमी करा म्हणतात, नाहीतर मुरादाबादवाले तयार आहेत. टाकी चालवायची तर चुना लागतो, औषध लागतं, राबणारा माणूस लागतो. ते ह्या भावात बसत नाही. हे त्यांना समजत नाही असं वाटतं तुम्हाला? एका हातानं भाव पाडतात आणि दुसऱ्या हातानं पान पुढे करतात. त्यांना पाणी नकोय, दिगू. कागद हवाय."

"म्हणून द्यायचा?"

"बेचाळीस माणसं आहेत शेडमध्ये. आपल्या आळीतली निम्मी. शेड बंद पडली तर तू सांगशील त्यांना?" वेणीमाधव जरा थांबला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आणि हेमंतला ऑगस्टमध्ये हाम्बुर्गला शिकायला घेतायत, ते माझ्या ओळखीवर. तेही मग विसरायचं."

हेमंत म्हणजे दिगंबरचा एकुलता एक मुलगा. त्याचा पासपोर्ट मागच्याच आठवड्यात आला होता आणि दिगंबरनं तो कारखान्यात नेऊन मित्रांना दाखवला होता. दिगंबर खांबापासून थोडा सरकून बसला. मग म्हणाला, "मी एवढंच म्हणतोय, की टाकी रिकामी करायला हवी. आज ना उद्या."

"करूच की."

"मग झालं."

विठाबाईनं धाकट्या भाच्याकडे पाहिलं. त्यानं नजर दिली नाही.

झोपाळा थांबला होता. अण्णा म्हणाले, "दोघांचं ऐकलं. मला तुमची औषधं समजत नाहीत. मी एवढंच जाणतो, की ज्यातलं पाणी मी पितो त्याच्यावरच माझा ठसा बसतो. हा कागद पाण्याचा आहे. तेव्हा शेडमधून नाल्यात पडतं ते पाणी आणा. मी पिईन आणि सही करीन. पिण्यासारखं नसेल तर सही नाही. विठाबाई, तुलाही तेव्हाच सांगतो."

"अण्णा, नको!" सुमेधा एवढ्या मोठ्यानं ओरडली की सगळे वळले. सासऱ्यांसमोर तिचा आवाज असा कधी निघाला नव्हता. "त्यात... ते पिऊ नये कुणी."

"मग आत्याच्या हिरीत कसं जातं?" अण्णांनी शांतपणे विचारलं.

वेणीमाधव उठला, स्कूटरची किल्ली घेतली. "आणतो. चल सुमेधा, तुझी नमुन्याची बाटली लागेल."

*

सणामुळे शेड बंद होती. हौदांवर पत्रे ओढलेले, वॉचमन कुठेतरी आमरसावर गेलेला. मागच्या भिंतीतल्या पाइपातून मात्र बारीक धार गळत होती. ती धार सुट्टी पाळत नसे. नाल्याच्या कडेचे दगड तिनं हिरवेपिवळे करून टाकले होते.

सुमेधा फळीपाशी गेली. तिथे तिच्या चार नळ्या आणि बाटल्या होत्या. तिनं कमरेची कुपी काढली, आत्याच्या विहिरीचं पाणी नळीत ओतलं, दोन थेंब आम्ल घातलं आणि वर औषध सोडलं. पाणी जांभळं झालं. फिकं नाही, आखाजीच्या खणाला शोभेल असं गडद.

"बघा," ती म्हणाली. "आत्याची विहीर आहे ही. आपल्या हौदातला विषारी क्रोम आहे हा. आणि पाइपाखालच्या पाण्यात तर सायनाइडही असतं, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे." वेणीमाधवनं तिच्या हातून रिकामी बाटली घेतली, खिडकीपाशी पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली धरली आणि भरू लागला.

"अहो!"

"काय अहो? मग पाइपाखालचं नेऊ? वडील आहेत माझे."

"मग सांगा त्यांना की पिण्यासारखं नाही. सही नको."

"आणि बेचाळीस घरं?" त्यानं बाटलीचं बूच लावलं. "हे बघ सुमेधा. तू घरी जाऊन सांगितलंस, की हे नळाचं आहे, तर अण्णा काय करतील? रिक्षा करून स्वतः इथं येतील. ओंजळीनं पितील. त्यांचा हट्ट तुला माहीत आहे. तुला ते हवंय?"

तिला ते नको होतं. तिनं नळी उलटी केली. जांभळं पाणी मोरीतून पाइपाकडे गेलं. आपण गप्प बसतोय ती म्हाताऱ्याच्या जिवासाठी, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. त्याच खरेपणाचा तिला संताप आला.

*

अण्णांनी आपला तांब्याचा गडू घासून ठेवला होता. बाटली त्यांनी स्वतःच उघडली, पाणी गडूत ओतलं. देवघराकडे एकदा पाहिलं. सांगायला हरकत नाही, ते घाबरले होते. सून ओरडली तेव्हाच त्यांना कळलं होतं की हा खेळ नाही. पण बोललेला शब्द फिरवायचा कसा, ते ह्या वयात त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी घोट घेतला.

साठ वर्षं माणूस पाणी चाखत आला, तर त्याला जीभ फसवत नाही. रामकुंडाचं पाणी, आडाचं पाणी, कल्हई कच्ची राहिलेल्या हंड्यातलं पाणी, त्यांना डोळे मिटून सांगता येई. हे पाणी त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. शेड नवी होती तेव्हा ते दुपारी तिथे बसत आणि खिडकीजवळच्या नळाचं पीत. गच्चीवरच्या लोखंडी टाकीचा गंज आणि वर ब्लीचिंगचा वास. तेच.

त्यांनी वर पाहिलं. वेणीमाधव त्यांच्याकडे टक लावून बघत होता. सुमेधा फरशीकडे बघत होती.

आता म्हणायचं होतं, हे ते पाणी नाही. चार शब्द. गडू ठेवायचा आणि चपला घालायच्या. पण पाणी घशाखाली उतरलं तेव्हा आधी राग आला नव्हता, आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. जीव वाचला, असं वाटलं होतं. त्याची शरम त्यांना एवढी झाली, की त्या शरमेखाली ते चार शब्द दबून गेले. शेडवरच्या बेचाळीस घरांचं नाव त्यांनी मनात पुढे केलं, हेमंतचंही केलं. त्यानं काही फरक पडला नाही. आपण भ्यालो, एवढंच खरं.

"पेन आण," ते म्हणाले.

सही झाली. वेणीमाधवनं कागद उचलायला हात पुढे केला तसे म्हणाले, "थांब. ठसा आण. आपल्या रीतीनं होऊ दे सगळं." शाईच्या गादीवर दाबून घरचा ठसा त्यांनी सहीशेजारी उमटवला. तो जरा तिरपा बसला. आयुष्यात पहिल्यांदा.

विठाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दादा, मंग हीर उघडू?"

दिगंबरनं फरशीवरचा नसलेला डाग नखानं खरवडायला घेतला.

"दादा?"

"मी प्यालो की," अण्णा म्हणाले.

ती उठली. भावाच्या हातातला गडू घेतला आणि उरलेलं पाणी तिथंच उभ्यानं पिऊन टाकलं. "गोड हाय रे. मी येडी. लोकांचं ऐकून माहेरावर संशय घेतला." मग न्हाणीत जाऊन तिनं आपला कॅन आणला आणि अंगणात मोरीपाशी उपडा केला. "गायास्नी दुसरंच कायतरी झालं असंल."

दरवर्षी आखाजीला ती चार दिवस राहायची. यंदा जेवून लगेच निघाली. कारभारीला बातमी द्यायची होती, सुनांचे हाल थांबवायचे होते. अण्णांनी तिला राहा म्हटलं नाही.

*

सुमेधा तिला सी.बी.एस.च्या बसस्टँडवर सोडायला गेली. फलाटावर गर्दी होती, माहेरवाशिणींच्या पिशव्या, आंब्याच्या पाट्या. मळ्याकडची गाडी लागली होती. तेव्हा तिनं आत्याचा खपल्या धरलेला हात धरला.

"आत्या, विहीर उघडू नका."

"का गं?"

"ते शेडमागचं पाणी नव्हतं. नळाचं होतं. माझ्यासमोर भरलं ह्यांनी. तुमच्या विहिरीचं पाणी मी तपासलंय, विष आहे त्यात. तुमच्या गळ्याची शपथ."

विठाबाई ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, तेव्हा सुमेधाला क्षणभर आशा वाटली.

"दादाला ठावं हुतं?" विठाबाईनं विचारलं.

सुमेधाला अण्णांचा घोट आठवला. 'गोड आहे' न म्हणता दिलेलं उत्तर, तिरपा बसलेला ठसा. ते तिला माहीत होतं.

"बोल की. माझ्या भावाला ठावं हुतं का?"

"...हो. मला वाटतं हो."

विठाबाईनं आपला हात सोडवून घेतला, अगदी हळू. "तू शिकल्याली हायस. तुझं खरं असंल. पर मी अडुसष्ट वर्सं त्या माणसाच्या जिभेवर जगले. त्यानं पिऊन गोड म्हटलं ते गोड. ते खोटं असंल तर मला माहेर ऱ्हात नाय, सुमे. मंग आखाजीला मी कुठं जाऊ?" तिनं रिकामा कॅन काखेत मारला. "हिरीचं पाणी वाईट असंल तर असू दे. तेवढं मी पीन."

"नातवंडं आहेत, आत्या!"

"त्यास्नी त्यांच्या मामाआज्याचा शबूद हाय," ती म्हणाली आणि गाडीत चढली. खिडकीतून तिनं हात हलवला नाही. समोरच्या बाकाकडे बघत बसली.

सुमेधा घरी आली तेव्हा पंगत उठली होती. वेणीमाधव कागद घेऊन मुंबईची गाडी धरायला गेला होता. दिगंबर आत झोपला होता, निदान तसं दाखवत होता. अण्णांच्या ताटात आमरस तसाच होता, वर काळपट पापुद्रा धरलेला.

"गेली?"

"गेली."

"काय म्हणाली?"

"मी सांगितलं त्यांना. ऐकलं नाही. तुम्ही सांगितलं तरच ऐकतील." ती थांबली. "पाच वाजता आणखी एक गाडी आहे, अण्णा. मळ्याच्या फाट्यावर थांबते. मी येते बरोबर."

अण्णांनी खुंटीवरची टोपी काढली. गुडघ्यावर ठेवली. तिच्या कडेवरची धूळ बोटानं पुसली.

सुमेधानं चपला घातल्या आणि ती दारात उभी राहिली. आळीत कुणीतरी सणाच्या दिवशीही हातोडी चालवत होतं. पाच वाजले. मग साडेपाच वाजले. टोपी गुडघ्यावरच होती.